जुनं ग्राफिक्स कार्ड आणि नवं कार्ड: तुलना घरच्या घरी कशी करायची

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर असेंब्ली आणि दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक मुख्यतः दोन प्रकारचं, इंजिनिअरिंगची पोरं आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे स्टुडिओवाले. प्रश्न मात्र दोघांचा एकच, ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या भागाचा. "दादा, सेकंडहँड १०८० टीआय स्वस्तात मिळतंय, ते घेऊ की ३०६० घेऊ?" नाहीतर, "माझ्याकडं १०६० आहे, ४०६० टाकलं तर किती फरक पडेल?" याचं उत्तर मी काउंटरवर उभ्या उभ्या देत नाही, कारण ते तुमच्या मशीनवर आणि तुमच्या कामावर ठरतं. पण ते उत्तर तुम्ही स्वतः, एका संध्याकाळीत काढू शकता. कसं, ते सविस्तर लिहितो.

सुरुवात नावापासून करा. एनव्हिडिया या कंपनीच्या कार्डांच्या नावातला आकडा दोन तुकड्यांत वाचायचा. ३०६० मधले पहिले ३० म्हणजे पिढी आणि शेवटचे ६० म्हणजे त्या पिढीतली पायरी. मागं 'टीआय' असेल तर त्याच पायरीचं थोडं वरचं कार्ड. जीटीएक्स १०६० हे २०१६ चं, आरटीएक्स २०६० हे २०१९ चं, ३०६० हे २०२१ चं, ४०६० हे २०२३ चं आणि ५०६० हे २०२५ चं. पायरी तीच असेल तर पिढीगणिक वेग वाढतो, एवढं या नावावरून कळतं. पिढीही वेगळी आणि पायरीही वेगळी असली की नाव काही सांगत नाही. २०१७ चं १०८० टीआय त्यानंतर चार-पाच वर्षांनी आलेल्या ३०५० ला साध्या गेमिंगमध्ये आरामात मागं टाकतं. आकडा मोठा म्हणून कार्ड मोठं, हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढा.

एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं असतात, हे त्याहून महत्त्वाचं. जीटी १०३० घ्या. जीडीडीआर५ मेमरीवालं १०३० सेकंदाला ४८ जीबी डेटा हलवतं. नंतर आलेलं डीडीआर४ वालं १०३० फक्त १६.८ जीबी हलवतं. नाव तेच, पण मेमरीचा वेग जवळपास एक तृतीयांश. १०६० च्या ६ जीबीत १२८० कोअर (चिपमधली आकडेमोड करणारी छोटी एककं) आहेत आणि ३ जीबीत ११५२. म्हणजे तिथं नुसती मेमरी कमी नाही, चिपच कापलेली आहे. ३०६० सुद्धा १२ जीबी १९२ बिट बसचं (बस म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातली वाट) आणि ८ जीबी १२८ बिट बसचं, असं दोन्ही मिळतं. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या आरएक्स ५८० मध्ये २३०४ कोअर असतात, पण बाजारात फिरणाऱ्या '२०४८ एसपी' मॉडेलात नावाप्रमाणेच २०४८. जाहिरातीत यातला फरक कुणी लिहिलाच असेल असं धरून चालू नका.

म्हणून जीपीयू-झेड हा फुकटचा छोटा प्रोग्राम उतरवून घ्या. तो चालवल्यावर जी खिडकी उघडते तिच्यात चार जागा बघायच्या: शेडर्स (म्हणजे कोअरची संख्या), मेमरी टाइप, बस विड्थ (बसची रुंदी) आणि बँडविड्थ (मेमरीचा वेग). तुमच्या कार्डाचे हे चार आकडे वहीत लिहा. जे घ्यायचं मनात आहे त्या कार्डाचे आकडे कंपनीच्या स्पेसिफिकेशनमधून शेजारी लिहा. आता दोन ओळी समोरासमोर आल्या. इथंच बहुतेक पोरं घसरतात, कारण ती थेट कोअर मोजायला लागतात.

१०८० टीआयमध्ये ३५८४ कोअर आहेत. ३०६० च्या १२ जीबीतही बरोबर ३५८४. मेमरीचा वेग मात्र १०८० टीआयचा जास्त, सेकंदाला ४८४ जीबी विरुद्ध ३६०. कागदावर जुनं कार्ड जिंकायला पाहिजे. काही ठिकाणी जिंकतंही, काही ठिकाणी सपाटून हरतं. दोन्हीचं कारण समजून घ्या, कारण पुढची सगळी तुलना त्यावरच उभी आहे.

कोअर हे काही पिढ्यानुपिढ्या न बदलणारं माप नाही. एनव्हिडियाच्या २० मालिकेत दशांश आकडेमोड आणि पूर्णांक आकडेमोड यांच्यासाठी वेगवेगळे भाग होते. ३० मालिकेत पूर्णांकवाला भाग दोन्ही कामं करू लागला आणि कंपनीनं तोही कोअरमध्ये मोजला. त्यामुळं आकडा एकदम फुगला. गेम दोन्ही प्रकारची आकडेमोड मागतो, म्हणून त्या वाढीव कोअरचा पूर्ण फायदा दिसत नाही. २३०४ कोअरचं २०७० आणि ३५८४ कोअरचं ३०६० खेळताना जवळपास सारखीच निघतात, त्याचं मुख्य कारण हे. टेराफ्लॉप्सचंही (सेकंदाला किती आकडेमोड होते, त्या मापाचंही) तेच, कारण तो आकडा कोअर आणि क्लॉक (चिपचा वेग) यांच्या गुणाकारातून येतो. कोअर आणि टेराफ्लॉप्स एकाच पिढीच्या आत मोजायचे, दोन पिढ्यांमध्ये नाही.

उलट बाजूनं, १०८० टीआयमध्ये रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा हिशेब करून उजेड-सावली काढण्याचं) हार्डवेअर नाही, डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयनं मोठं करण्याची एनव्हिडियाची सोय) चालवणारे टेन्सर कोअर नाहीत आणि गेममधले आकार बनवण्याची नवी पद्धत, म्हणजे मेश शेडरही नाहीत. जीटीए ५ सारख्या डायरेक्टएक्स ११ च्या (डायरेक्टएक्स म्हणजे गेम आणि कार्ड यांना जोडणारी विंडोजची प्रणाली) जुन्या गेममध्ये यातलं काहीच लागत नाही आणि तिथं हे कार्ड आजही ताठ उभं असतं. २०२३ चा ॲलन वेक २ मेश शेडरवर बांधलेला. तो आला तेव्हा १० मालिकेवर त्याचे फार हाल झाले, नंतरच्या पॅचनं थोडं सुसह्य केलं. २०२४ च्या शेवटी आलेल्या इंडियाना जोन्सच्या गेमला हार्डवेअर रे ट्रेसिंग सक्तीचंच आहे. म्हणून एखाद्या परीक्षणात 'सरासरी इतके टक्के पुढं' असं दिसलं की थांबा. सरासरीत कुठले गेम धरलेत ते बघा आणि तुम्ही खेळता त्या गेमची ओळ वाचा. बाकीच्या ओळी दुसऱ्याच्या आहेत.

दुसरा गोंधळ मेमरी बसचा. ३०६० ची बस १९२ बिट, वेग ३६० जीबी. ४०६० ची बस १२८ बिट, वेग २७२ जीबी. आणि तरीही १०८० पी रिझोल्यूशनला (हा पडद्यावरच्या ठिपक्यांचा आकडा, १०८० कार्डाशी त्याचा संबंध नाही) ४०६० साधारण पंधरा-वीस टक्के पुढं असतं. कारण चिपच्या आतली एल२ कॅशे (छोटी पण वेगवान मेमरी) ३ एमबीवरून २४ एमबी झाली. मसाल्याचा डबा हाताशी असला की माळ्यावरच्या बरणीसाठी सारखं स्टूल घ्यावं लागत नाही, तसं हे. पण माळाच लहान असेल तर डबा किती पुरणार? ४०६० ला ८ जीबी आहे, ३०६० ला १२. टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) अल्ट्रावर नेलं आणि ८ जीबी भरली की ४०६० मदरबोर्डच्या रॅमकडं धावायला लागतं. त्याची बाहेरची वाटही अरुंद आहे, पीसीआयई ४.० च्या (पीसीआयई म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांची जोडणी) आठच लेन. तुमचा बोर्ड बी४५० किंवा एच३१० सारखा ३.० वाला असेल तर त्या आठ लेनचा वेग निम्मा. मेमरीत जागा आहे तोवर हे जाणवत नाही, भरली की जाणवतं. आरएक्स ६५०० एक्सटीला तर चारच लेन आणि ४ जीबी मेमरी. जुन्या बोर्डवर ते कार्ड लावू नका, असं मी स्पष्ट सांगतो.

आता मोजणीकडं येऊ. नवं कार्ड हातात नसताना तुलना कशी करायची, हा खरा प्रश्न, कारण दुकानदार काही आठ दिवस वापरायला देत नाही. त्याला साखळीची पद्धत वापरायची. जिथं तुमचं कार्ड आणि एखादं मधलं कार्ड एकाच मशीनवर तपासलंय असं एक परीक्षण शोधा. मग ते मधलं कार्ड आणि तुमचं हवं असलेलं कार्ड असं दुसरं शोधा. समजा १०६० वरून ३०६० म्हणजे १.९ पट आणि ३०६० वरून ४०६० म्हणजे १.१८ पट निघाले. यांचा गुणाकार करायचा, टक्क्यांची बेरीज करायची नाही. १.९ गुणिले १.१८ म्हणजे २.२४ पट. नव्वद टक्के अधिक अठरा टक्के असं केलं तर १०८ टक्के येतील, खरी वाढ १२४ टक्के आहे. दोन्ही परीक्षणं एकाच रिझोल्यूशनची पाहिजेत, नाहीतर साखळी तुटली.

बेंचमार्क (वेग मोजणारी तयार चाचणी) चालवणार असाल तर थ्रीडीमार्कचा टाइम स्पाय स्टीमवर डेमोमध्ये फुकट चालतो. त्यात एकूण स्कोअर बघू नका, त्यात प्रोसेसरही मिसळलेला असतो. खाली 'ग्राफिक्स स्कोअर' वेगळा दिलेला असतो, तो घ्या. फायर स्ट्राइक हा त्याहून जुना, डायरेक्टएक्स ११ चा बेंचमार्क आहे. १० मालिकेची कार्डं फायर स्ट्राइकमध्ये नव्या कार्डांच्या जवळ दिसतात आणि टाइम स्पायमध्ये लांब पडतात. हा बेंचमार्कचा दोष नाही. जुन्या गेमचं उत्तर एक आणि नव्या गेमचं दुसरं, हेच तो सांगतोय.

पण या सगळ्याच्या आधी तुमच्या मशीनची एक परीक्षा घ्या. तुमचा नेहमीचा गेम उघडा, व्ही-सिंक आणि फ्रेम लिमिट (दोन्ही फ्रेमचा वेग अडवून धरतात) बंद करा आणि जिथं गर्दी असते अशा जागी उभे राहा. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर लावलं की पडद्याच्या कोपऱ्यात एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं), कार्डाचा वापर, क्लॉक, तापमान आणि मेमरी दिसते. आकडा बघून ठेवा. आता रिझोल्यूशन १०८० पी वरून ७२० पी करा. एफपीएस वाढले तर अडचण कार्डाची होती, नवं कार्ड घेऊन फायदा आहे. एफपीएस जागचे हलले नाहीत तर अडचण प्रोसेसरची आहे आणि कार्डावर घातलेले पैसे बऱ्याच अंशी वाया जाणार. चौथ्या पिढीचा आय५ आणि एकच रॅमची पट्टी असलेल्या मशीनवर मी हे गिऱ्हाइकाला समोर बसवून दाखवतो. कार्डाचा वापर साठ टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो, रिझोल्यूशन खाली आणलं की तो आणखी घसरतो, पण फ्रेम तेवढ्याच. मग कार्ड बाजूला राहतं आणि गोष्ट रॅमच्या दुसऱ्या पट्टीवर नाहीतर बोर्ड-प्रोसेसरवर येते. शॅडो ऑफ द टूम रेडर तुमच्याकडं असेल तर त्याचा स्वतःचा बेंचमार्क शेवटी 'जीपीयू बाउंड' किती टक्के ते लिहूनच देतो. नव्वदच्या वर असेल तर निर्धास्त कार्ड बदला.

दोन्ही कार्डं हाताशी असतील, म्हणजे मित्राचं आणून तपासायचं असेल, तर शिस्त पाळा. आधी डीडीयू या प्रोग्रामनं जुना ड्रायव्हर पूर्ण काढा आणि नवा टाका. गेमची आवृत्ती आणि सेटिंग दोन्हीकडं तेच ठेवा. पहिली फेरी सोडून द्या, त्यात शेडर (इथं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात. नंतरच्या तीन फेऱ्यांतली मधली घ्या. आणि कार्ड तापू द्या. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी खोलीतच ३८ अंश असतात आणि कार्ड तापेल तसं क्लॉक पायरीपायरीनं खाली येतं. थंड कार्डावर पहिल्या दोन मिनिटांत दिसलेला आकडा खेळताना टिकत नाही. वीस मिनिटं चालवा आणि मग लिहा. एका कार्डाची चाचणी सकाळी आणि दुसऱ्याची भर दुपारी, असं तर अजिबात करू नका.

नोंद घेताना सरासरी एफपीएसबरोबर 'एक टक्का लो' पण घ्या. कॅपफ्रेमएक्स हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर दोन्ही काढून देतं. मिनिटभरात साठच्या वेगानं ३६०० फ्रेम येतात. त्यातल्या सगळ्यात संथ ३६ फ्रेम कशा होत्या, ते हा आकडा सांगतो. मेमरी अपुरी पडते तेव्हा सरासरी फारशी हलत नाही, पण हा आकडा कोसळतो. ६ जीबीच्या कार्डावर टेक्स्चर हायवरून अल्ट्रा करून बघा. फ्रेम टाइमची (एक फ्रेम काढायला लागणाऱ्या वेळेची) रेघ आधी सपाट असते, मग तिच्यात उभे सुळे यायला लागतात. वळणावर मान फिरवली की गाडी अडखळते, ती त्या सुळ्यावर. ज्या कार्डाची सरासरी थोडी कमी पण रेघ सपाट, ते कार्ड मी घेईन.

एफपीएसचा फरकही मिलिसेकंदात करून बघत जा. हजाराला एफपीएसनं भागायचं. ४० वरून ६० म्हणजे २५ वरून १६.७ मिलिसेकंद, हा फरक हाताला जाणवतो. १४४ वरून १६४ म्हणजे ६.९ वरून ६.१. दोन्हीकडं वीसच फ्रेम वाढल्या, पण दुसऱ्यासाठी मी कुणाला पैसे घालायला सांगणार नाही. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर आधी मॉनिटरचा विचार करा.

कंपन्यांच्या जाहिरातींबद्दल. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी व्यासपीठावरून सांगितलं की ५०७० म्हणजे ५४९ डॉलरमध्ये ४०९० ची कामगिरी. ४०९० मध्ये १६३८४ कोअर आणि २४ जीबी, ५०७० मध्ये ६१४४ कोअर आणि १२ जीबी. ती बरोबरी मल्टी फ्रेम जनरेशन धरून होती, म्हणजे एका खऱ्या फ्रेममागं तीनपर्यंत फ्रेम कार्डानं स्वतः तयार केलेल्या. चित्र गुळगुळीत दिसतं, ते खोटं नाही. पण माउस हलवल्यावर उत्तर मिळतं ते खऱ्या फ्रेमच्या वेगानं, उलट किंचित उशिराच. ३० फ्रेम चारपट करून १२० दाखवल्या तरी हाताला तिशीच लागते. म्हणून दोन कार्डांची तुलना आधी फ्रेम जनरेशन बंद ठेवून करा. डीएलएसएसचं अपस्केलिंग ही वेगळी गोष्ट. त्यात खरा वेग वाढतो आणि चित्रही चांगलं राहतं. आरटीएक्स कार्डाच्या बाजूनं ते धरायलाच पाहिजे. जीटीएक्सवाल्यांना एएमडीचं तसंच अपस्केलिंग, एफएसआर, वापरता येतं, पण चित्राची तेवढी सफाई येत नाही.

स्टुडिओवाल्यांनी गेमचे आकडे बघूच नयेत. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स रेंडरमध्ये आरटीएक्स कार्डं ऑप्टिक्स (रे ट्रेसिंगचं हार्डवेअर कामाला लावणारी एनव्हिडियाची सोय) वापरतात, म्हणून तिथं ३०६० हे १०८० टीआयच्या कितीतरी पुढं जातं. एव्ही१ या प्रकारात दाबून साठवलेला व्हिडिओ ३० मालिकेपासून डिकोड होतो (उलगडून चालवता येतो), एन्कोड (तयार) मात्र ४० मालिकेपासून. लग्नाच्या शूटिंगला आता १०-बिट ४:२:२ (रंगांची माहिती जास्त असलेलं) फुटेज सर्रास येतं आणि एनव्हिडियात त्याचं हार्डवेअर डिकोडिंग थेट ५० मालिकेत आलं. तुमची टाइमलाइन अडकत असेल तर ३०६० काढून ४०६० घातल्यानं ते सुटणार नाही. आधी प्रोसेसरमधलं इंटेल क्विक सिंक (व्हिडिओ उलगडणारा भाग) वापरून बघा. घरच्या मशीनवर एआयचे मॉडेल चालवणाऱ्या पोरांना मात्र मी १२ जीबीचं ३०६० च सुचवतो, कारण तिथं मेमरीत मॉडेल मावणं ही पहिली अट.

जुन्या कार्डाची किंमत सांगितली जाते तेवढीच नसते. १०८० टीआय २५० वॅट खातं, ४०६० खातं ११५. रोज चार तास खेळलात तर फरक अर्ध्या युनिटहून थोडा जास्त, वर्षाला सुमारे १९७ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर दोन हजारांच्या जवळ. दोन-तीन वर्षांचे मिळून किमतीतला बराच फरक तिथंच भरून निघतो. १०८० टीआयला कंपनी ६०० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) सांगते, ४०६० ला ५५०, आणि मुळात १०६० साठी घेतलेला तुमचा एसएमपीएस बहुधा ४०० ते ४५० चा असतो. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास देतो. लाइट गेली आणि १०८० टीआय भरात असेल तर मशीन त्याच क्षणी बंद. शिवाय १० मालिकेला एनव्हिडियाचे गेमसाठीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. आज १०८० टीआय फक्त त्यानं घ्यावं जो जुनेच गेम खेळतो, ज्याच्याकडं दमदार एसएमपीएस आहे आणि ज्याला ते खरोखर स्वस्त मिळतंय.

सेकंडहँड घेणार असाल तर कार्ड चालू मशीनमध्ये बघा. जीपीयू-झेडमध्ये नावाच्या आधी 'फेक' असं आलं तर बोलणंच थांबवा. जुन्या चिपवर नवं बायोस (कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर) चढवून १०५० टीआय म्हणून विकलेली कार्डं तो ओळखतो. मग बस इंटरफेसच्या शेजारचं प्रश्नचिन्ह दाबा आणि रेंडर टेस्ट चालू करा. कार्डावर भार आला की लेनचा आकडा पूर्ण दिसला पाहिजे; १६ लेनच्या कार्डावर ८ किंवा ४ च दिसत असतील तर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये नाहीतर दुसऱ्या बोर्डवर लावून बघा, तिथंही तेच आलं तर सोडा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या डिजिटल चलनाचं, ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झाल्यावर त्या कामातली बरीच कार्डं बाजारात आली. मायनिंग केलंय म्हणून कार्ड वाईटच असं मी मानत नाही, पण पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड झिजलेले असतात. पंख्याला बोटानं हलकं ढकलून खेळ किती आहे ते बघा. स्क्रूवरचं सील आणि मागच्या बाजूचे तेलाचे डाग बघा. नंतर विक्रेत्यासमोर वीस मिनिटं सुपरपोझिशन हा बेंचमार्क नाहीतर एखादा जड गेम चालवा. पडद्यावर ठिपके, चौकोन किंवा क्षणभर काळोखी आली तर किंमत कितीही उतरली तरी घेऊ नका. सगळं नीट चाललं तर कार्डावरच्या स्टिकरचा सिरीयल नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवा, वॉरंटी उरली असेल तर तो नंबर कंपनीच्या साइटवर तिथंच टाकून तारीख बघा आणि मगच पैसे द्या.